फार लॅप : एका शर्यतीच्या घोड्याची हकीकत

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या संग्रहालयात काचेच्या मोठ्या कपाटात एक घोडा उभा आहे. रंगाने तांबूस, अंगापिंडाने थोराड, मान ताठ. शाळेतली पोरे काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत राहतात. पण खरे सांगायचे तर तो घोडा नव्हे, ते घोड्याचे नुसते कातडे आहे. त्याचा सांगाडा समुद्रापलीकडे न्यूझीलंडात, वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात ठेवलेला आहे. आणि काळीज? ते तिसऱ्याच गावी, कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात, औषधी द्रवात बुडवून जपले आहे. वजन भरते ६.२ किलो. एरवी अशा घोड्याचे काळीज चार किलोच्या आसपास असते.

असा हा तीन गावांत वाटला गेलेला घोडा. त्याचे नाव फार लॅप. तो १९३२ साली मेला, तेव्हा वयाची सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. आज नव्वदाहून अधिक वर्षे लोटली, तरी ऑस्ट्रेलियात एखाद्याच्या हिमतीची तारीफ करायची झाली की म्हणतात, याचे काळीज फार लॅपएवढे आहे. आपण वाघाचे काळीज म्हणतो, तसेच ते.

वाचकहो, शर्यतीच्या घोड्याची गोष्ट सांगायला बसलो म्हणून कपाळाला आठी घालू नका. रेसचा नाद वाईट, त्यात घरेदारे बुडतात, हे आपल्याकडे वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली, आणि त्यात खोटे काही नाही. तुम्हाला मैदानावर न्यावे असा माझा बेत नाही. पण या एका जनावराभोवती माणसांनी जो व्यवहार मांडला, तो पाहण्याजोगा आहे. शिवाय आपला आणि त्या देशाचा घोड्यांच्या बाबतीत जुना संबंध आहे. न्यू साउथ वेल्समधले ‘वेलर’ घोडे गेल्या शतकाच्या आधीपासून जहाजे भरभरून हिंदुस्थानच्या फौजेसाठी येत असत. आणि मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान आखले ते मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर. हे कॉलफील्ड नाव ध्यानात असू द्या; आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर टिमारू नावाचे बंदर आहे. त्याच्याजवळ सीडाउन येथील घोड्यांच्या पागेत १९२६ सालच्या ऑक्टोबरच्या ४ तारखेला एक शिंगरू जन्मले. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. बापाने शर्यतीत म्हणण्यासारखे काही केलेले नव्हते, आणि आई तर एकदाच धावून घरी बसलेली. तेव्हा या शिंगराकडे कोणी वळून पाहण्याचे कारण नव्हते.

पाहिले ते सिडनीतल्या एका कफल्लक माणसाने, आणि तेही कागदावर. हॅरी टेलफर्ड हा घोडे तयार करणारा. धंदा जेमतेम चाललेला, खिशात पैसा नाही. पण वंशावळी वाचण्याचे त्याला वेड. आपल्याकडे एखादा जोशी पत्रिका चाळत बसतो ना, तसा हा घोड्यांच्या वंशावळी चाळत बसे. वेलिंग्टनजवळ ट्रेंटहॅमला १९२८ च्या जानेवारीत लिलाव व्हायचा होता. त्याच्या यादीत या शिंगराच्या बापाच्या बाजूला टेलफर्डला एक नाव दिसले: कार्बाइन. हा न्यूझीलंडचाच घोडा, आणि याने १८९० साली मेलबर्न कप जिंकला होता, पाठीवर १४५ पौंड, म्हणजे सुमारे ६६ किलो घेऊन. तेवढे ओझे घेऊन ती शर्यत त्याच्या आधी कोणी जिंकली नव्हती, आणि नंतरही आजतागायत कोणी जिंकलेली नाही. टेलफर्डला वाटले, हे रक्त इथे कुठेतरी वर येणार.

पैसा नव्हता, म्हणून त्याने डेव्हिस नावाच्या एका अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली. न्यूझीलंडात राहणाऱ्या आपल्या भावाला निरोप धाडला की १९० गिनींपर्यंत बोली कर. घोडा १६० गिनींत पडला. स्वस्तात काम झाले म्हणून सगळे खूश! पण जहाजातून सिडनीला जनावर उतरले, आणि डेव्हिससाहेबांचा पारा चढला. लांब टांगा, बेढब अंग, चालणे धड नाही, आणि तोंडभर चामखिळी. असल्या जनावराच्या चंदीवर मी दमडी खर्च करणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली.

मग तोड निघाली ती आपल्या गावाकडच्या माणसाला चटकन समजेल अशी. कोकणात, देशावर, गाय-म्हैस अर्धेलीने देतात. जनावर एकाचे, पोसणार दुसरा, उत्पन्न वाटून. तसाच हा करार झाला, तीन वर्षांचा. मालकी डेव्हिसची, चंदी-वैरण, राबणे, शिकवणे सारे टेलफर्डचे, आणि बक्षिसाचे पैसे मिळालेच तर दोन हिस्से टेलफर्डला, एक डेव्हिसला. मिळालेच तर! त्या वेळी कोणालाही हा करार म्हणजे टेलफर्डचा बावळटपणा वाटला असता.

नावाचीही एक गंमत आहे. सिडनीला ऑब्रे पिंग नावाचा चिनी घराण्यातला एक वैद्यकीचा विद्यार्थी होता. रेसवाल्यांत त्याचा वावर असे. त्याने आपल्या घरच्या बोलीतला, सयामी भाषेतही असलेला, ‘विजेचा लखलखाट’ अशा अर्थाचा शब्द सुचवला. टेलफर्डला तो पसंत पडला. पण मेलबर्न कप जिंकणाऱ्या पुष्कळ घोड्यांच्या नावांत सात अक्षरे असतात अशी त्याची समजूत. म्हणून त्याने रोमन लिपीतला ‘एफ’ काढून तिथे ‘पी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे घातली, आणि शब्द मधे तोडला. वंशावळ वाचणारा माणूस अंकशास्त्रालाही सोडत नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटण्याजोगे नाही.

टेलफर्डने घोडा खच्ची केला, म्हणजे त्याचे चित्त धावण्यातच राहावे. आणि वाळूच्या टेकड्यांवर दौडवून दौडवून त्याला घाम गाळायला लावला. इतका कडक माणूस की बाकीचे लोक हळहळत. १९२९ च्या फेब्रुवारीत सिडनीच्या रोझहिल मैदानावर फार लॅप पहिल्यांदा धावला आणि शेवटचा आला. पुढच्या तीन शर्यतींतही नाव घेण्यासारखे काही नाही. एप्रिलच्या २७ तारखेला, पाचव्या खेपेस, सतरा वर्षांच्या एका उमेदवार जॉकीने त्याला पहिला आणला. आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर बरं का, तिकडे तेव्हा वसंत असतो, या बेढब पोराने अंग धरले. सिडनीची डर्बी जिंकली, मेलबर्नची जिंकली. खांद्यापाशी उंची पाच फूट नऊ इंच. चामखिळी कुठल्या कुठे गेल्या.

आता इथे जरा थांबून तुम्हाला एक गोष्ट समजावून दिली पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण तिच्यावर उभे आहे. मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातली सर्वांत मानाची शर्यत. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनच्या मैदानावर ती होते. त्या काळी अंतर दोन मैल होते. आता ३२०० मीटर आहे, म्हणजे जवळजवळ तेवढेच. ही ‘हँडिकॅप’ शर्यत आहे. अशा शर्यतीत सगळे घोडे सारखे ओझे घेऊन धावत नाहीत. क्लबाचा एक अधिकारी प्रत्येक घोड्याची आजवरची कामगिरी पाहतो आणि कोणाच्या पाठीवर किती वजन हे ठरवतो. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढे भरले नाही, तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाचे पत्रे घालतात. जॉकी खोगिरासकट तराजूवर बसतो, शर्यतीच्या आधी आणि नंतरही. जो घोडा वारंवार जिंकतो त्याच्यावर ओझे वाढत जाते; जो हरतो त्याचे हलके होते.

हेतू असा की दुबळ्यालाही संधी मिळावी आणि चुरस राहावी. ऐकायला न्यायाचे वाटते. पण चुरस कोणाला हवी असते? पैज घेणाऱ्याला. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असेल तर पैज लागणार कशी? तेव्हा हा तराजू घोड्याच्या न्यायासाठी टांगलेला नसून बाजाराच्या सोयीसाठी टांगलेला आहे, असे माझे आपले मत. चांगल्या जनावराला त्यात गुणाबद्दल दंड भरावा लागतो.

१९२९ च्या मेलबर्न कपाला फार लॅप तीन वर्षांचा. वजन अवघे १०४ पौंड. पण त्याच्यावर नेहमी बसणारा जिम पाइक हा कसलेला जॉकी. त्याला उपास करकरूनही आपले वजन तेवढे खाली आणता येईना. दुसरा जॉकी बसला, घोडा पुढे काढू पाही तर हा लगाम खेचून मागे धरी. त्या झटापटीत घोड्याचा दम गेला आणि तो तिसरा आला. पहिला आलेला नाइटमार्च हाही नाइट रेडचाच मुलगा. ज्या बापाने स्वतः काही केले नाही, त्याच्या दोन पोरांनी कप गाजवला.

पुढच्या वर्षभरात ऑस्ट्रेलियाची कळा पालटली. जागतिक मंदीने लोकर आणि गव्हाचे भाव कोसळले. १९३२ पर्यंत कामगार संघांतले शंभरातले जवळजवळ तीस लोक बेकार होते. माणसे पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात गावोगाव हिंडत होती. अशा दिवसांत लोकांना हरखून जायला दोनच गोष्टी उरल्या. एक, डॉन ब्रॅडमन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा, त्याने १९३० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कसोटी सामन्यांत ९७४ धावा कुटल्या. आणि दुसरी, हा तांबडा घोडा. ज्यांच्यापाशी मैदानाचे तिकीट काढायला पैसे नव्हते, ते रेडिओच्या दुकानांपुढे उभे राहून शर्यतीचे वर्णन ऐकत. १६० गिनींचे, कोणाला नको झालेले जनावर बड्या बड्या श्रीमंतांच्या घोड्यांना मागे टाकते, यात त्या लोकांना काय मिळत असेल ते सांगायला नको.

पण घोड्याच्या भोवतीची माणसे काही साधी नव्हती. १९३० च्या हंगामात कॉलफील्ड कप आणि मेलबर्न कप या दोन्ही शर्यतींचे विजेते आधीच सांगण्याची जोडपैज चाले. फार लॅपच्या गोटातल्या मंडळींनी पैसा लावला तो असा: कॉलफील्डला अमौनिस, मेलबर्नला फार लॅप. आणि फार लॅपचे नाव मात्र कॉलफील्डच्या यादीत मुद्दाम ठेवले. तो धावणार या धास्तीने नाइटमार्चच्या मालकाने आपला घोडा परत न्यूझीलंडला नेला. मैदान मोकळे झाल्यावर यांनी फार लॅपचे नाव काढून घेतले. अमौनिस जिंकला. आता मेलबर्नला फार लॅप जिंकला तर बुकींना भली मोठी रक्कम मोजावी लागणार. कायद्याने या खेळीत बोट ठेवायला जागा नव्हती. पण तिने घोड्याच्या जिवाची किंमत कोणाच्या तरी वहीत लिहिली गेली.

कपाच्या आधीचा शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी कॉलफील्डच्या मैदानावर रपेट करून घोडा तबेल्याकडे चालला होता. बरोबर त्याचा मोतद्दार टॉमी वुडकॉक, एका तट्टावर बसून. हा वुडकॉक पंचविशीतला. खरारा करणे, चंदी घालणे, रात्री तबेल्याशी निजणे, सगळे तोच करी. घोड्याला तो घरच्या नावाने ‘बॉबी’ म्हणे. आणि हे धूड त्याचा सदरा दातांनी ओढी, त्याच्या हातची साखर खाई. त्या सकाळी रस्त्यावर एक मोटार घुटमळताना वुडकॉकला दिसली. आतले लोक तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलेले. त्याला शंका आली. मोटार जवळ येताच त्याने आपले तट्टू मधे घातले आणि घोड्याला कुंपणाशी दाबले. बंदुकीचा बार झाला. नेम चुकला आणि मोटार निघून गेली. गोळी झाडणारे कोण, ते कधीच उघडकीस आले नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी, हे वाचून तुम्ही थक्क व्हाल, फार लॅप मैदानात उतरला आणि मेलबर्न स्टेक्स ही शर्यत जिंकून घरी आला.

घरी म्हणजे तबेल्यात नव्हे. त्याला लपवून जिलाँगजवळच्या सेंट अल्बान्स या पागेत नेले. बाहेर पहारा, आत वुडकॉक. मंगळवारी निघायच्या वेळी गाडीने दगा दिला, आणि फ्लेमिंग्टनला पोचेपर्यंत शर्यतीला फार वेळ उरला नव्हता. या खेपेस पाठीवर १३८ पौंड, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३४ पौंड अधिक. बाजारात त्याचा भाव ११ ला ८ होता. म्हणजे ११ पौंड लावावेत तेव्हा नफा ८ पौंडांचा. मेलबर्न कपाच्या इतिहासात इतका कमी भाव दुसऱ्या कोणत्याही घोड्याचा नाही. पाइकने या खेपेस लगाम सैल सोडला आणि घोडा तीन लांबींनी पहिला आला. दोन दिवसांनी गुरुवारी आणखी एक शर्यत, शनिवारी आणखी एक. आठ दिवसांत चार शर्यती, चारही पहिल्या. असे राबवावे का जनावराला? पण टेलफर्डचे तीन वर्षांचे खंडाचे दिवस सरत आले होते, आणि दोन हिस्से त्याचे होते.

१९३१ च्या आरंभी करार संपला. टेलफर्डने ४००० पौंड भरून घोड्यात निम्मी भागी घेतली. आता दोघेही मालक. विजयांची माळ चौदापर्यंत लांबली होती. ती तुटली मार्चमध्ये, आणि विश्रांतीनंतर पुन्हा नवी सुरू झाली. मग नोव्हेंबरचा कप जवळ आला आणि क्लबाने वजने जाहीर केली. फार लॅप: १५० पौंड. अडुसष्ट किलो.

कार्बाइनचा विक्रम १४५ चा. म्हणजे जे ओझे घेऊन कोणीही कधी जिंकले नव्हते, ते याच्या पाठीवर ठेवले. टेलफर्ड म्हणे, धावू नये. डेव्हिस म्हणे, धावलाच पाहिजे. लोकांनी तर याच्यावर पैसे लावलेले होतेच. धावला. पाइकला अर्ध्यातच कळून चुकले, त्याने मारझोड केली नाही. आठवा आला. पहिला आला व्हाइट नोज नावाचा घोडा. त्याच्या पाठीवर ९६ पौंड होते. दोघांच्या ओझ्यात ५४ पौंडांचा फरक! दहा-अकरा वर्षांचे एखादे पोर पाठुंगळी घेऊन जन्मात भेटलेल्या सगळ्या गड्यांशी शर्यत लावण्यासारखेच हे.

इथे दोन्ही मालकांपुढे उघड झाले की मायदेशात या घोड्याला आता तराजू धावू देणार नाही. जितका चांगला धावेल तितके ओझे वाढेल. डेव्हिसचे लक्ष गेले अमेरिकेच्या बाजूला. सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत, तिहुआना गावी, आगुआ कालिएंते नावाचे मैदान होते. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, म्हणून हॉलिवूडचे श्रीमंत तिथे जुगाराला आणि दारूला जात. तिथल्या हँडिकॅपचे बक्षीस मोठे. टेलफर्डला दुसरे घोडे सोडून जाता येईना, किंवा जावेसे वाटेना. वुडकॉक गेला, मोतद्दाराचा आता शिक्षक झाला, वय सव्वीस. ‘मोनोवाय’ जहाजाच्या डेकवर घोड्यासाठी खोका बांधला, लोळायला वाळू पसरली, आणि न्यूझीलंडहून निघून जानेवारी १९३२ मध्ये मंडळी सान फ्रान्सिस्कोला उतरली.

तिथे सारेच परके. गवतावर धावलेल्या घोड्यापुढे आता मातीची पट्टी. वातावरण उलटे; तिकडचा उन्हाळा सोडून हा हिवाळ्यात आलेला. सरावात खुराला चीर गेली, रक्त आले. वुडकॉकने घाई केली नाही, वेगळे नाल बसवले, आणि पाहणाऱ्यांना वाटले की हा घोडा धावायचा कसला, लंगडतोच आहे.

मार्चच्या २० तारखेला शर्यत झाली. सव्वा मैल, पाठीवर १२९ पौंड. जॉकी बिली एलियट. सुरुवातीला फार लॅप मागे, सगळ्यांच्या बाहेरच्या बाजूने एकटाच. बाहेरून धावायचे म्हणजे अंतर वाढते, पण धूळ चुकते आणि कोणी कोंडत नाही. समोरच्या सरळ पट्टीवर एलियटने त्याला सोडला, आणि एकेकाला मागे टाकीत तो घोळक्याच्या पुढे निघून गेला. शेवटच्या वळणावर रेव्हिली बॉय नावाचा घोडा जवळ आला, क्षणभर बरोबरीला लागला. तो फार लॅप पुन्हा सुटला तो दोन लांबींनी. वेळ दोन मिनिटे २.८ सेकंद; त्या मैदानावरचा उच्चांक. त्याच्या आदल्या दिवशी सिडनीत बंदरावरचा मोठा पूल खुला झाला होता. मंदीने गांजलेल्या देशाला लागोपाठ दोन सण मिळाले.

सोळा दिवस हा आनंद टिकला.

एप्रिलच्या ५ तारखेला पहाटे कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कजवळच्या तबेल्यात वुडकॉकला घोडा कळवळताना दिसला. अंगात ताप, पोट फुगलेले. पशुवैद्य धावले, उपाय झाले. दुपार व्हायच्या सुमारास घोडा वुडकॉकच्या अंगावर मान टाकून रक्त ओकत मेला. एकावन्न शर्यतींत सदतीस वेळा पहिला आलेला.

बातमी पोचली तसा ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडात एकच आकांत झाला. आणि लगेच बोट दाखवले गेले: अमेरिकनांनी विष घातले. गुंडांनी मारले, बुकींनी मारले. शवचिकित्सेत पोटाची आतली बाजू जळल्यासारखी लाल झालेली सापडली. कोणी म्हणाले, ओले गवत खाऊन पोट फुगले. कोणी म्हणाले, आवारातल्या झाडांवर किडीसाठी शिसे आणि सोमल यांचे औषध मारले होते, ते गवतावर गळले. २००० च्या सुमारास पशुवैद्यकातल्या जाणकारांनी एका जीवघेण्या आतड्याच्या रोगाचे निदान सुचवले. मग विज्ञानाने नवे हत्यार काढले. मेलबर्नच्या कातड्यावरच्या आयाळीतले सहा केस काढून अमेरिकेत सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांखाली तपासले. केस रोज थोडा थोडा वाढतो, आणि रक्तात काय होते त्याची नोंद त्याच्यात राहून जाते. २००८ साली निष्कर्ष जाहीर झाला: मरणाच्या आधी ३० ते ४० तासांच्या सुमारास घोड्याच्या पोटात सोमलाचा मोठा डोस गेला होता. कातडे पेरताना वापरलेला सोमल वेगळा ओळखू येतो, तो हा नव्हे.

म्हणजे खून? तसे म्हणता येत नाही. त्याच वर्षी संग्रहालयाने टेलफर्डची हस्तलिखित वही लिलावात विकत घेतली. तिच्यात घोड्यांना द्यायच्या शक्तिवर्धक औषधांच्या कृती आहेत, आणि त्यांत सोमल आहे, कुचल्याचे विषही आहे. त्या काळी घोड्याची भूक वाढावी, कातडी चकाकावी म्हणून थोडा थोडा सोमल देण्याची रीतच होती. तेव्हा डोस वैऱ्याने दिला, का घरच्याच कोणाच्या हातून चुकून जास्त पडला, याचा निकाल आयाळीच्या केसातून लागत नाही.

माझ्या मनात मात्र वेगळा विचार येतो. विष कोणी घातले हे विचारताना लोक अमेरिकेचा तबेला धुंडाळतात. घोडा त्या तबेल्यात पोचला कसा, हे कोणी फारसे विचारीत नाही. तो पोचला मेलबर्नच्या तराजूमुळे. ज्या दिवशी १५० पौंड कागदावर लिहिले गेले, त्या दिवशी त्याचे जहाजाचे तिकीट निघाले. आणि तराजू धरणारे परके नव्हते. ते त्याच्यावर प्रेम करणाऱ्या लोकांतलेच होते, त्याच्या मरणावर पुढे रडलेले.

मेल्यावरही त्याची वाटणी झालीच. कातडे न्यूयॉर्कच्या पेरणाऱ्यांनी तयार केले, ते १९३३ पासून मेलबर्नला आहे. जन्मभूमी म्हणून न्यूझीलंडने सांगाडा मागून घेतला. २०१० साली मेलबर्न कपाचा एकशे पन्नासावा प्रसंग आला, तेव्हा सांगाडा मेलबर्नला आणून कातड्याशेजारी उभा केला. काळीज मात्र फार नाजूक झालेले, ते कॅनबेराहून हलवले नाही.

टेलफर्डला पुढे असा घोडा पुन्हा मिळाला नाही. तो १९६० साली वारला. टॉमी वुडकॉक मायदेशी परतला आणि स्वतः घोडे तयार करू लागला. सत्तरी उलटल्यावर, १९७७ साली, रेकलेस नावाचा त्याचा घोडा मेलबर्न कपाच्या शर्यतीत होता. त्याच वर्षी सिडनीचा, अॅडलेडचा आणि ब्रिस्बेनचा कप या घोड्याने जिंकलेला, तेव्हा सारे मैदान म्हाताऱ्याच्या बाजूचे. रेकलेस शेवटच्या पट्टीवर पुढे होता. अखेरीस गोल्ड अँड ब्लॅक त्याला गाठून पुढे निघाला आणि रेकलेस दुसरा आला. वुडकॉक १९८५ मध्ये गेला. तोवर फार लॅपच्या मरणाबद्दल विचारायला वर्तमानपत्रांचे लोक त्याच्याकडे येतच राहिले होते.